धुरपताबाईंची मुलाखत

कॉम्प्युटरवाल्यानं लॅपटॉप अपडेट करून दिला आणि एरवी आपोआप उघडणारी पौर्णिमाची एक्स्टर्नल हार्ड डिस्क पासवर्ड मागू लागली. सासू-सुनांवरच्या प्रबंधासाठी गावोगाव घेतलेल्या मुलाखती तिच्यात होत्या. दोन वर्षांपूर्वी मुलाखतीच्या वेळी पासवर्डचा शब्द वडनेरच्या धुरपताबाईंनी सुचवला होता, एवढंच आठवत होतं. लॅपटॉप घेऊन ती वडनेरला गेली. “आजी, तवा कुलपाले कोनतं नाव दिलतं?” “माह्या माहेरच्या बकरीचं. झिपरी.” डिस्क उघडली. पौर्णिमा हसली, म्हातारी हसली नाही. “पोरी, मी तवा मुलाखतीत सुनेबद्दल लय वाईट बोलली. तेवढं पुसून टाक.” “माह्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण त्याच्यावर हाये, आजी.” “असन. पन खुबा मोडल्यापासून तीच मले आंघोळ घालते.” तेवढ्यात सून चहा घेऊन बाहेर आली. “काय पाहून राह्यल्या दोघी?” “काई नाई,” म्हणत पौर्णिमानं ती मुलाखत पुसली आणि कप घेतला.