ठिणगीचं टपाल

१९७८ सालची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं, तशी काजळी टपालाच्या पोत्यापाशी उकिडवी बसली आणि आत कोपरापर्यंत हात घालून स्वतःच लिहिलेली पत्रं शोधू लागली.

तिचं खरं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. ऑफिस एका प्रकाशनाचं होतं आणि ते मुलांसाठी एक कादंबरीमाला काढायचं. त्यात सोळा-सतरा वर्षांचे वैमानिक लढाऊ यानं घेऊन ताऱ्याताऱ्यांतून उडायचे. मुलं थेट वैमानिकांनाच पत्रं लिहीत आणि उत्तरंही वैमानिकांच्या सहीने जात. ती लिहायला दोघीजणी होत्या. टेबल क्रमांक एकवरची 'ठिणगी' अशी सही करी. ठिणगी म्हणजे नायिका, प्रत्येक मुखपृष्ठावर तीच. टेबल क्रमांक दोनवरची 'काजळी'. ही ठिणगीच्या डाव्या अंगाने उडणारी, सतत कुरकुरणारी, तळावर सगळ्यांत शेवटी परतणारी. पात्रांची नावं त्या दोघींना चिकटली ती चिकटलीच.

सहा वर्षं काजळी शेजारचं टेबल बघून जळत होती. तिला आठवड्याला सात-आठ पत्रं, ठिणगीला पन्नास. सकाळी आलेलं टपाल दोघींच्या टेबलांवर लावायचा मानही ठिणगीचा. तिच्या बोटांना कायम निळी, हिरवी, जांभळी शाई लागलेली असे. तीसुद्धा काजळीच्या डोळ्यांत सले. संध्याकाळी ठिणगी म्हणे, "लिहून लिहून मान मोडली गं बाई!" काजळीला वाटे, एकदा मोडून दाखवच.

त्यात महिन्यापूर्वी संपादकांनी दोघींना बोलावून सांगितलं होतं, "पुढच्या पुस्तकात तुमच्यापैकी एक मरणार. लेखकाला ठरवता येत नाहीये. महिनाभराचं टपाल शिपाई न फोडता पोत्यात बांधून ठेवेल, मग मोजू. जिची पत्रं कमी, ती गेली." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि मेलेल्या वैमानिकाला टेबल काय करायचंय?"

काजळीच्या घरात मिळवती ती एकटी. त्या दिवसापासून ती रोज पहाटे डाव्या हाताने पत्रं लिहू लागली. 'प्रिय काजळी, तू मला ठिणगीपेक्षा जास्त आवडतेस.' रोज सहा, कधी सात. चार वेगवेगळ्या पेट्यांत टाकायची. महिनाअखेर हिशेबाने ती पुढेच निघाली असती.

पण आज शिपायाने पोत्याची दोरी सोडली आणि वरचंच पाकीट तिचं निघालं. अक्षर वेडंवाकडं जमलं होतं. पत्ता मात्र चोख होता. इमारत, तिसरा मजला, टेबल क्रमांक दोन. असा पत्ता कुठलं मूल लिहितं? मुलं लिहीत, 'काजळी, सातवी तुकडी, चंद्र ओलांडल्यावर डावीकडे,' आणि पोस्टमन सवयीने ते इथे आणून टाकत. टेबलांना क्रमांक आहेत हे ऑफिसाबाहेर कोणाला ठाऊकही नव्हतं. ऑफिसच्या नोंदवह्यांत सहा वर्षं लिहिलेला पत्ता हाताने सवयीने लिहून टाकला होता. पकडली गेली असती तर नोकरीबरोबर अब्रूही गेली असती.

ती आपली पाकिटं भराभर पिशवीत कोंबत होती. मध्येच एक हिरव्या शाईचं हाती आलं. टेबल क्रमांक एक.

पुढचं जांभळ्या शाईचं. टेबल क्रमांक एक. त्याच्या खालचं निळं. तेही टेबल क्रमांक एक. तिने अख्खा गठ्ठा मांडीवर घेतला. ठिणगीची खरी, चंद्र ओलांडल्यावर डावीकडे जाणारी पत्रं निघाली पाच.

"ठेव ते पाकीट." ठिणगी दारात उभी होती, धुतलेले हात अजून ओलेच.

"कुठलं? तुझं की माझं?"

ठिणगी जवळ आली. पिशवीतली आणि मांडीवरची पाकिटं तिने पाहिली आणि शेजारी फरशीवर बसली. काजळीचं एक पाकीट उघडून वाचलं.

"मुलं एवढं शुद्ध लिहितात का गं?" ती हळूच म्हणाली. "पाच-सहा चुका तरी घालायच्यास."

जिन्यावर संपादकांची पावलं वाजली. ठिणगीने मानेवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. सहा वर्षं जिचा हेवा केला ती काजळीला समोर कुठे दिसेना. तिथे फक्त मान दुखणारी एक बाई बसली होती.

"काय, मोजली का?" संपादक पोत्याकडे वळले.

काजळीने मांडीवरचा गठ्ठा आत लोटला आणि पोत्याचं तोंड आवळून दोरीची गाठ मारली. "मोजली, साहेब. ठिणगीची दोनशे सहा, काजळीची चौतीस."

"परत एकदा मोजायची का?"

"स्वतःच्या विरुद्ध कोण खोटं बोलेल, साहेब?"

त्यांना ते पटलं.

सहाव्या पुस्तकात काजळी एकशे बेचाळिसाव्या पानावर जळून गेली. टेबल क्रमांक दोनवर नंतर पंखा ठेवला. ती बाई दोन महिने घरी बसली, मग एका शाळेच्या ग्रंथालयात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लेखकाने आठव्या पुस्तकानंतर लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा गणिताच्या शिकवण्या धरल्या. संपादक पाठ्यपुस्तकांच्या धंद्यात शिरले, सुखात गेले. ठिणगी मालिका बंद होईपर्यंत टेबल क्रमांक एकवर बसली.

पुढे म्हातारपणी ती एकदा काजळीच्या घरी आली. मानेला पट्टा होता. चहा झाला, गुडघ्यांचं बोलून झालं. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं काजळीने विचारलं.

"स्वतःलाच पत्रं का लिहायचीस गं?"

"पहिल्याच आठवड्यात तुला सात पत्रं आली," ठिणगी म्हणाली. "मला एकही नाही. मला तुझं ते हसू बघवेना."