सवतीची शिटी

“वैनी, सवतीला ओवाळायला आलात?” फिटर मालोजीने विचारलं आणि शेडात जमलेली माणसं हसली.

“बघायला आले. वीस वरसं ह्यांना नादी लावलंन, ती हाय तरी कशी!” चिमाबाई म्हणाली. पण इंजिनासमोर येताच हातातलं ताट तिला जड झालं. झेंडूच्या माळा घातलेलं ते काळं धूड चक्क श्वास घेत होतं.

सावित्री नदीच्या बांधासाठी दगड वाहून झाले, रूळ बरेचसे उचलले गेले, तरी मालोजीने हे इंजिन जपून ठेवलं होतं. दर दसऱ्याला संध्याकाळी ते पिंपळापर्यंत जाऊन परत यायचं. मालोजी चालवायचा. आग मात्र चिमाबाईच्या नवऱ्याची, रायबाची.

“रायबा, डोळे बरे हायत ना? नायतर यंदा नुसती पूजा करू,” मालोजी म्हणाला.

“तुझ्या कपाळावरचं गंध दिसतंय मला.”

मालोजीने आपल्या कोऱ्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाला, “वैनी, तुमीबी चढा. वरूनच ओवाळा.”

वर चढल्यावर रायबाने भट्टीचं दार उघडलं. चिमाबाईने रानातले वणवे पाहिले होते, पण एवढी आग अशी पोटात कोंडलेली कधी पाहिली नव्हती.

“काचेच्या नळीत बघ गो,” रायबा कुजबुजला. “पाणी लाल रेघेखाली गेलं, तर आपण कोण उरायचं नाय.”

“रेघेच्या वर चार बोटं.”

त्याने फावड्याने कोळसा टाकला. नेमका. पायाखालचं लोखंड हललं, चालायला लागलं. चिमाबाई नवऱ्याकडेच बघत राहिली. घरात भिंत चाचपत उंबऱ्यापर्यंत जाणारा हा माणूस. इथे त्याचा हात एकदाही चुकत नव्हता.

“पाणी गो!”

ती दचकली. “एक बोट! एकच!”

रायबाने पाण्याची चावी फिरवली. आत काहीतरी जोरात फुसफुसलं. नळीतलं पाणी थरथरलं आणि चढू लागलं.

“दोन… तीन… चार.”

मालोजी बाहेरच बघत होता. पिंपळाशी इंजिन थांबलं, तेव्हाही त्याने मान वळवली नाही. “रायबा,” तो म्हणाला, “फुडल्या दसऱ्याला वैनींना जरा लवकर आण.”

रायबाने वरची साखळी चाचपली आणि बायकोच्या हातात दिली. “ओढ.”

तिने ओढली. वीस वर्षं रोज संध्याकाळी ही शिटी डोंगरावर वाडीत यायची आणि ती तवा चुलीवर ठेवायची. रायबा चढून येईपर्यंत भाकऱ्या व्हायच्या. आज आवाज तिच्या हातातून निघाला, नदीवरून गेला, डोंगर चढू लागला.

तो वाडीपर्यंत पोचेल एवढा वेळ ती थांबली.

“चला,” ती रायबाला म्हणाली. “सुनेनं तवा ठेवला.”