अकरा किलो शिसं

काट्यावर गाडी अकरा किलो कमी भरली. या गटात गाडी आणि चालक मिळून नऊशे किलो भरावेच लागतात, नाहीतर शर्यतीला उतरू देत नाहीत.

"तुमचा काटा चुकतोय," मी पंचावर खेकसलो. "मागच्या शर्यतीपासून मी या गाडीतला साधा स्क्रूसुद्धा काढलेला नाही."

पंचाने पन्नास किलोचं वजन ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता.

वजन भरून काढायला मी शिशाच्या विटा आणल्या आणि सीटमागे बसवायला वाकलो. सर्जेराव, माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त आणि गाडीचा चालक, स्टिअरिंग धरून बसला होता. त्याच्या सीटचा पट्टा परत सैल दिसत होता. वापरून ढिला होत असेल, असं समजून या मोसमात तो मीच दोनदा आवळला होता.

माझा हात थांबला. पट्टा होता तेवढाच होता.

"कधीपासून, सर्जा?"

तो समोरच बघत राहिला. "जेवण जात नाही रे. शर्यत होऊ दे, मग बघू."

विटा बसवून झाल्या, फक्त शेवटचा बोल्ट राहिला होता. तो मी खिशात टाकला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"आधी डॉक्टरची वेळ घे. मग लावतो."