दारावरचा टॉवेल

पिशवी एकच होती आणि चिठ्ठ्या दोन. दोन्हींवर पिशवीचा नंबर तोच, वेळही तीच, अकरा वाजून सात मिनिटं. त्या दुर्मीळ रक्तगटाची दुसरी पिशवी यायला तासभर तरी लागणार होता, आणि ऑपरेशनच्या टेबलांवर माणसं दोन होती.

रक्तपेढीच्या प्रमुखबाई फ्रिजला पाठ लावून उभ्या होत्या. "एका पिशवीला दोन धनी कसे दिले गं तुझ्या प्रोग्रामनं?"

प्रोग्रामर स्क्रीनवर दोन्ही चिठ्ठ्यांच्या नोंदी पाहत होती. चिठ्ठ्या देणाऱ्या खिडक्या दोन, त्यांवरची मशीन दोन, पण साठ्याची फाइल एकच. गेल्या आठवड्यात जुनी मशीन जाऊन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आली. तिने प्रोग्राम जसाच्या तसा उचलून त्यांवर ठेवला. चालवून पाहिला, तोही एकटीनेच. रिकाम्या घरात कडीची परीक्षा कशी होणार?

"जुन्या मशीनवर एक जण फाइलमध्ये लिहीत असला की दुसऱ्याला मशीनच अडवायचं," ती म्हणाली. "दाराला आतून कडी असावी तसं. इथलं कुलूप म्हणजे न्हाणीघराच्या दारावर टाकलेला टॉवेल. जो आत शिरण्याआधी विचारतो, तो थांबतो. न विचारता ढकललं तर दार उघडतं."

"मग विचारायचं कोणी?"

"माझ्या प्रोग्रामनं. मी ते लिहिलंच नाही. कधी गरजच पडली नव्हती."

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण थेट आत शिरला आणि त्याने चिठ्ठी बाईंच्या नाकासमोर धरली. "बायको बाळंत झालीय. रक्त थांबत नाहीये. द्या लवकर."

बाईंनी नंबर ताडून पाहिला, मग प्रोग्रामरकडे पाहिलं. "ही खरी का?"

"दोन्ही खऱ्या आहेत."

बाईंनी पिशवी दिली. तो पळत गेला. दार सताड उघडं राहिलं.

प्रोग्रामरने खुर्ची ओढली. काम चार ओळींचं होतं. आधी विचार, उत्तर येईपर्यंत थांब, मगच लिही. तिची बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती.

उघड्या दारावर टकटक झाली. उंबऱ्याबाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात दुसरी चिठ्ठी, नीट घडी घातलेली.

"मुलाला ऑपरेशनला घेतलंय," ते म्हणाले. "मी मघाशीच आलो होतो. तुमचं काही बोलणं चाललं होतं, म्हणून थांबलो. आता येऊ का आत?"