टाळाटाळीचा इंग्रजी शब्द

प्रशिकच्या खोलीच्या दारात कौसल्या चहाची कपबशी घेऊन उभी राहिली. शब्द तिनं मनातल्या मनात आणखी एकदा घोळवला. पोरगा जागा आहे हे बघून मग मोठ्यानं म्हणून टाकला.

"प्रोकास्टेशन."

पलंगावरची चादर हलली. "काय?"

"तुले जे झालं नं बेटा, ते. इंग्रजीत त्याले नाव आहे. काम आज नाही उद्या, उद्या नाही परवा. प्रोकास्टेशन. मयुरा मॅडमनं फळ्यावर लिहून दिलं."

मयुरा मॅडम खालच्या मजल्यावर इंग्रजी बोलायचे वर्ग घ्यायच्या. इंदोरा वस्तीतली, बँकेच्या परीक्षा देणारी पोरंपोरी सकाळी तिथं जमत, आणि त्यांच्या मागच्या सतरंजीवर पन्नाशीची कौसल्या बसायची. सुरुवातीला पोरं हसली. तिला नोकरी करायची नव्हती की परदेशात जायचं नव्हतं. प्रशिक दिवसदिवस उशाशी मोबाईल ठेवून जे इंग्रजी व्हिडिओ ऐकत पडायचा, त्यातला माणूस आपल्या पोराला काय सांगतो, तेवढं तिला कळून घ्यायचं होतं. आणि या आठवड्यात धडा नेमका तोच निघाला. सवयी, जिद्द, टाळाटाळ. मॅडम एकेक शब्द सांगत गेल्या आणि कौसल्याला वाटलं, या आपल्याच घरातलं बोलून राहिल्या. घरात त्या गोष्टीला एकच नाव होतं, प्रशिकच्या बाबांनी ठेवलेलं. आळस. इंग्रजीत इतकी नावं आहेत म्हणजे हे पुष्कळांना होत असणार. पुष्कळांना होतं म्हणजे इलाजही असणारच.

"प्रोक्रॅस्टिनेशन," प्रशिक भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "मधात 'क्रॅ' आहे, माय."

कौसल्याला इतका आनंद झाला की चहा बशीत सांडला. काल दिवसभरात तो एवढंही बोलला नव्हता. कपबशी स्टुलावर ठेवून ती पलंगाच्या कडेला टेकली. अकरा वाजता मिहानच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीचा फोन यायचा होता. मुलाखत फोनवरच होणार होती. फोनवर शर्ट दिसत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी इस्त्री करून तिनं तो खुंटीला लावून ठेवला होता.

"आन मोटिव्हेशन?" तिनं विचारलं.

"आतून येणारी ओढ."

"कन्सिस्टन्सी?"

"रोज, न चुकता करणं."

"आन ते... विलपॉवर?"

तो सांगत गेला. अर्थ सांगता सांगता इंग्रजीवर गेला, शब्दांची वाक्यं करून दाखवू लागला, एकाला एक जोडून, कुठंही न अडता. कूलरच्या घरघरीतही त्याचा आवाज स्वच्छ येत होता. मयुरा मॅडमही असं बोलत नव्हत्या. कौसल्या आधी अभिमानानं ऐकत राहिली. मग हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं.

हे सारे शब्द याला येतात. तिच्या कितीतरी आधीपासून येतात. ती औषध म्हणून जे जिना चढून घेऊन आली होती, ते याच्यापाशी केव्हाचं पडून होतं.

"मंग उठत काहून नाही बेटा?"

प्रशिक पहिल्यांदा तिच्याकडे वळला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"मले समजलं असतं तं तुले सांगितलं नसतं का वं माय? मी रोज उठतो. तोंड धुतो, आंघोळ करतो, कपडे घालतो. सारं मनात. आन मंग पाहतो, तं इथंच पडून राहिलो."

कौसल्यानं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. "डॉक्टरले दाखवू नं. मी येतो संगं."

"जाऊ," तो म्हणाला. "उद्या."

तेवढ्यात मोबाईल वाजला.

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. प्रशिकचा हात चादरीबाहेर आला, मोबाईलपर्यंत गेला आणि अलीकडेच थांबला. रिंग बंद पडेल या भीतीनं शेवटी कौसल्यानंच फोन घेतला.

पलीकडून एक बाई भरभर इंग्रजीत बोलली. त्यातलं प्रशिकचं नाव तेवढं तिला कळलं.

"ही इज कमिंग," कौसल्या म्हणाली. "वन मिनिट, मॅडम. ही इज कमिंग."

तिनं मोबाईल त्याच्या कानाशी धरला. दुसरा हात त्याच्या पाठीखाली घातला, तापात पाणी पाजायला लेकराला उठवतात तसा, आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तो उठला नाही. जवान पोराचं अंग ते, ओल्या रेतीच्या पोत्यासारखं जड झालेलं. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं आणि मोबाईलच्या काचेला लागलं.

"हॅलो?" बाई विचारत होती. "हॅलो प्रशिक, कॅन यू हिअर मी? कॅन यू हिअर मी?"

हे वाक्य वर्गात अजून झालं नव्हतं, पण कौसल्याला ते पुरतं कळलं. पाठीखालचा हात तिनं तसाच ठेवला.