हुबेहूब आवाज

सकाळी साडेनऊला लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत सोसायटीचे सेक्रेटरी आणि दिवस भरत आलेली त्यांची मुलगी होती. तपासणीसाठी निघालेल्या मुलीला तिथेच कळा सुरू झाल्या. तिच्या मोबाइलला रेंज नव्हती आणि सेक्रेटरींचा घरी चार्जिंगला राहिला होता. त्यांनी लिफ्टमधलं मदतीचं बटण दाबलं.

"सर, लिफ्टची नोंदणी तुमच्या मोबाइलवर आहे. त्यावर ओटीपी पाठवलाय. तो सांगितलात की मेकॅनिक लगेच निघेल," कंपनीची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"अहो, तो फोन घरी आहे! त्याच नंबरवर लावा, माझी बायको उचलेल. मलाही लाइनवर घ्या."

बायकोने फोन उचलला.

"अगं, मी बोलतोय. लिफ्टमध्ये अडकलोय. ओटीपी आलाय, तेवढा पटकन वाच."

"आवाज काय हुबेहूब काढलात हो! पण आमच्या ह्यांनी परवाच बजावलंय, माझ्या आवाजात मागितला तरी द्यायचा नाही."

"अगं, ते बजावणारा मीच ना!"

"आई, कळा येतायत गं! सांग ना!"

"आता पोरीचाही आवाज? लाज नाही वाटत मेल्यांनो?" तिने फोन कापला आणि पोलिसांना लावला.

शेवटची बातमी हाती आली तेव्हा दोन पोलीस इमारतीत पोचले होते आणि तळमजल्यावर बटण दाबून लिफ्टची वाट बघत उभे होते.