तक्त्यातलं शून्य

साठ झाडांच्या तक्त्यात रोगी झाडांपुढे ऑगस्टअखेरपर्यंत शून्य टिकलं, तर उल्हासच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: नागोयाच्या संशोधन केंद्रातली कायमची नोकरी, लांब मुदतीचा व्हिसा आणि सासऱ्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलायची हिंमत. अकरा सालच्या भूकंपानंतर ओळखीचे निम्मे लोक गाशा गुंडाळून पुण्याला परतले. उल्हास थांबला. पाच वर्षं झाली, तरी ‘थांबून काय मिळवलंत?’ हा सासऱ्यांचा प्रश्न काही थांबला नव्हता.

केंद्रातले त्याचे गुरू, मिझुनो-सेन्सेई, यांनी बारा वर्षं खपून टोमॅटोचं नवं वाण काढलं होतं. पानं मुरडणाऱ्या विषाणूला, आपले शेतकरी ज्याला बोकड्या म्हणतात त्याला, हे वाण दाद देणार नाही असा त्यांचा दावा होता. एका काचघरात जुनं वाण, तिथे पानं कधीच मुरडली होती. दुसऱ्यात नव्याच्या साठ कुंड्या. त्या सेन्सेईंनी एका रविवारी स्वतःच्या हाताने मांडल्या, कसलीशी यादी पाकिटात बंद करून खणात टाकली आणि विषाणूवाहक पांढऱ्या माश्या आत सोडल्या.

“जे दिसेल ते लिहा, उल्हास-सान,” ते म्हणाले. “तुमच्या डोळ्यांवर माझी भिस्त आहे.”

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सात नंबरच्या झाडाचा शेंडा पिवळा दिसला. मॅग्नेशियम कमी पडलं असेल, अशी उल्हासने स्वतःची समजूत घातली. पण ती पिवळाई खालच्या जुन्या पानांवर येते, शिरांच्या मधे. ही थेट शेंड्यावर होती. पानांच्या कडा पिवळ्या, पानं चमच्यासारखी वर वळलेली, पेरं आखूड, फुलं गळालेली. संध्याकाळपर्यंत अशी सहा सापडली.

सहाही एकमेकांपासून लांब. माशीने आणलेला रोग एरवी एखाद्या कोपऱ्यातून सरकत येतो. ही झाडं जणू चिठ्ठ्या टाकून निवडली होती. उल्हासला त्यावर विचार करायला सवड नव्हती. शेजारच्या खोलीत त्याच दिवशी पेरलेल्या नव्या वाणाच्या राखीव कुंड्या होत्या, आणि त्या कोणी मोजत नसे. त्याने सहा कुंड्या बदलल्या आणि नंबराच्या पाट्या जिथल्या तिथे खोचल्या.

आजारी झाड केंद्रात नष्ट करायचं तर रजिस्टरवर सही लागते. तेव्हा सहाही झाडं कात्रीने कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पाठीवरच्या सॅकमधून घरी आली.

घरी आली तरी सुटका नव्हती. नागोयात कचरा मनाला येईल तेव्हा टाकता येत नाही. जळाऊ कचऱ्याचा दिवस शुक्रवार, आणि आज मंगळवार. तोवर पुडकं, पानांखाली चिकटलेल्या माश्यांसकट, गॅलरीत राहिलं, दुसरीतल्या मुलीच्या, सुरुचीच्या, टोमॅटोच्या कुंडीशेजारी. उन्हाळी सुट्टीचा अभ्यास म्हणून शाळेने ती कुंडी घरी धाडली होती. झाडाकडे बघायचं, चित्र काढायचं, वहीत लिहायचं.

“हे काय आणलंस?” त्याच्या बायकोने, दीप्तीने विचारलं.

“कामावरचा कचरा.”

“तिकडचे डबे संपले वाटतं? खालच्या काकू पिशवीत वाकून वाकून बघतात, माहितीये ना?”

“म्हणून तर गुंडाळलंय.”

“काय गुंडाळलंयस, उल्हास?”

तो हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

तीन आठवड्यांनी सुरुचीने वही पुढे केली. चित्रातल्या झाडाचा शेंडा पिवळा होता, पानं चमच्यासारखी वळलेली. उल्हास गॅलरीत जाऊन बघून आला. हुबेहूब चित्र होतं.

“बाबा, आजारी आहे ना ते?”

“ऊन लागलंय. हिरवं रंगव.”

“उसो!” सुरुची म्हणाली. खोटं! इथली मुलं हे उठसूट म्हणतात. तरी उल्हासने तिच्याकडे पाहिलं नाही.

“अरे, दिसतं तसं काढलंय पोरीने,” दीप्ती म्हणाली. “हिरवं कशाला रंगवायला सांगतोस?”

दुसऱ्या दिवशी सुरुची खेळायला गेल्यावर त्याने झाड उपटलं. ती परत आली. वहीच्या पुढच्या पानावर तिने रिकामी कुंडी काढली.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सेन्सेईंनी तक्ता पुढे ओढला.

“शून्य?”

“शून्य.”

“पुन्हा एकदा बघून येता का? वाण मंजूर करणाऱ्या समितीची बैठक उद्या आहे. मी थांबतो.”

बघायला जायचं म्हणजे काहीतरी सापडायला हवं, आणि सापडण्यासारखं होतं ते जाळून राख झालं होतं.

“साठच्या साठ मला पाठ आहेत, सेन्सेई.”

सेन्सेईंनी खणातून पाकीट काढलं, कडेने नीट फाडलं, चष्मा कपाळावर सरकवला. “सात,” ते वाचू लागले. “एकोणीस. सव्वीस.” उल्हासचे ओठ त्यांच्या आधीच हलले. चौतीस. एक्केचाळीस. अठ्ठावन्न.

“ही सहा जुन्या वाणाची. नोंद घेणाऱ्याची नजर पारखायला मी दर वेळी अशी मिसळतो. यांना रोग व्हायलाच हवा होता.” त्यांनी कागदाची घडी घातली. “ही सहा ज्याला दिसली नाहीत, त्याच्या बाकीच्या चोपन्न शून्यांवर समिती कशी विश्वास ठेवणार, उल्हास-सान?”

आंधळा की लबाड, दोनच रकाने उरले होते.

“दिसली नाहीत, सेन्सेई,” उल्हास म्हणाला.

त्याची नोकरी गेली, सेन्सेईंची बारा वर्षं गेली, सुरुचीची कुंडी रिकामी राहिली. काचघरात मात्र साठच्या साठ झाडं, एकही पान न मुरडता, फळांच्या भाराने वाकली होती.